एकाला कुळी, एकाला सोवळं

हैदराबादची कंपनी विमानांचे सुटे भाग बनवून घेते आणि बेंगळुरूची कंपनी चिपा बनवायची यंत्रं तयार करते, ही बातमी परभणीच्या एमआयडीसीत सगळ्यांच्या तोंडी झाली त्याचं श्रेय काशीनाथरावांचं. सुनेनं घरात सांगितलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या पोटात आजवर राहिलेली नाही. दोन्ही कंपन्यांनी एकाच महिन्यात नमुन्याचं काम धाडलं. राजेश्री ड्रॉइंग उलगडते न उलगडते तोच सासरेबुवा वालूरला एका लग्नाच्या पंगतीत सांगून मोकळे झाले, की आता आपल्या कारखान्याचा तुकडा आभाळात उडणार.

"अन् दुसरी कंपनी कशाची म्हनलात?" शेजारच्या पाव्हण्यानं विचारलं.

"ती वेफरची हाय."

"आलूच्या?"

काशीनाथरावांनी खुशाल मान डोलावली. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं! राजेश्री त्याच पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं आणि हातातलं वरणाचं भांडं सांडता सांडता वाचलं. घरी परतताना तिनं गाडीत समजावून सांगितलं, की सिलिकॉनच्या पातळ चकतीला वेफर म्हणतात, त्या चकतीवर चिपा तयार होतात आणि त्या मोबाईलपासून पेरणी यंत्रापर्यंत सगळीकडं बसतात. काशीनाथरावांनी नीट ऐकून घेतलं.

"असंल," ते म्हणाले. "पन लोकाला उडायचं इमान कळतं."

आता हा कारखाना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. काशीनाथराव पेडगावचे. तरुणपणी परभणीत आले, एक लेथ घातली आणि जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करत करत पत्र्याची शेड उभी केली. पुढं मुलगा सारंग गंगाखेडच्या कॉलेजात शिकवायला लागला. कारखान्याला त्याचा उपयोग एवढाच, की तो मध्ये पडत नाही. सून मात्र मेकॅनिकल शिकलेली आणि पुण्यात नोकरी केलेली निघाली. तिनं सासऱ्यांच्या मागं लागून कॉम्प्युटरवर चालणारं नवं मिलिंग मशीन आणवलं, शेडच्या एका कोपऱ्यात काचेची भिंत घालून धुण्याची बंद खोली केली आणि मोठमोठ्या कंपन्यांना पत्रं लिहायचा सपाटा लावला. लोक हसले. ती काही हसण्याकडं लक्ष देणारी बाई नव्हती.

दोन्हीकडचं काम तिनं करून पाहिलं आणि दोन्ही कंपन्यांची माणसं सारखीच छळतात, फक्त छळायच्या तऱ्हा वेगळ्या, हे तिच्या ध्यानात आलं. हैदराबादचा तुकडा साधा होता. विमानातल्या तेलाच्या नळीला धरून ठेवणारी, मूठभर टायटेनियमची पकड. पण तिच्याबरोबर जायचे कागद पकडीपेक्षा जड. हा धातू कुठल्या भट्टीत ओतला, कुणाच्या हातून कुणाच्या हातात आला, मशीनवर कोण उभं होतं, मोजलं कुणी, प्रत्येक पानावर सही. आणि एकदा पसंत पडलं की वर्षानुवर्षं तसंच करायचं, कापायचं पातंसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. माणसं चांगली होती, शब्दाची पक्की होती, बोलायलाही गोड होती.

बेंगळुरूचा तुकडा होता ॲल्युमिनियमची ताटली, बारीक बारीक भोकांनी भरलेली. यंत्रात ती वेफरच्या वर बसते आणि तिच्यातून वायू खाली झिरपतो. लीलाबाईंनी, म्हणजे राजेश्रीच्या सासूबाईंनी, ती पाहिली आणि म्हणाल्या, "हा तर बुंदीचा झारा." त्या झाऱ्याला माणसाचा वाससुद्धा लागलेला चालत नव्हता. तेलाचा अंश नको, धुळीचा कण नको, बोटाचा ठसा नको. शिवाय ड्रॉइंग कधी बदलेल याचा भरवसा नाही. चिपांचा बाजार चढला की आजच्या आज द्या आणि उतरला की थांबा.

"म्हंजे एकाला कुळी पायजे, अन् एकाला सोवळं," काशीनाथराव म्हणाले. इतकी नेमकी तुलना राजेश्रीलाही जमली नव्हती. लीलाबाई तर त्या दिवसापासून काचेच्या खोलीला सोवळ्याची खोलीच म्हणायला लागल्या.

दोघांचं काम एकदम घेता येणार नव्हतं. त्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम चढवायचं नाही, ही हैदराबादची अट. मशीनला ॲल्युमिनियमशिवाय दुसरा धातू शिवता कामा नये, ही बेंगळुरूची. मशीन एकच. काशीनाथरावांचा कल उघड होता. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले, हैदराबाद त्यांना परकं वाटायचं नाही, आणि वालूरच्या पंगतीत दिलेला शब्दही होताच.

राजेश्रीचा जीव मात्र ताटलीत अडकला होता. पुण्याच्या कंपनीत अशा ताटल्या परदेशातून यायच्या. तान्ह्या बाळासारख्या पदरापदरात गुंडाळलेल्या असायच्या, आणि त्या सोडवायचं काम तिच्याकडं असायचं. हे आपल्याकडं का होत नाही, असं तिनं एकदा साहेबाला विचारलं होतं. साहेब हसला होता. ते हसू तिच्या डोक्यातून आजही गेलेलं नव्हतं. पकडी करणारे कारखाने देशात चिक्कार होते, त्या रांगेत आपण शेवटचे. ताटलीच्या रांगेत फारसं कुणी उभंच नव्हतं. तिथं उभं राहायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

हैदराबादचा नमुना पास झाला. साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं आणि शुक्रवारी पुन्हा फोन करतो, तेव्हा हो किंवा नाही सांगा, म्हणाले.

बेंगळुरूचा नमुना नापास झाला.

तिकडं तपासणी विभागाची प्रमुख अबोली नावाची बाई होती, साताऱ्याकडची. एवढी बोलकी बाई, नाव अबोली कुणी ठेवलं देव जाणे. त्या दिवशी मात्र ती थोडकंच बोलली. "मॅडम, मापं एकदम छान आहेत. पण फोटो बघा." जांभळ्या उजेडात धरलेली काळीभोर ताटली, आणि तिच्यावर चमकणारे हिरवट पिवळे ठिपके. एक ओळ बारीक ठिपक्यांची, जराशी वाकलेली, आणि तिच्या टोकाला दोन मोठे गोल. "तेल नाही, साबण नाही. आमच्या लॅबला ओळखू येईना. हे काय आहे, कुठून आलं, ते शोधा. कारण सापडल्याशिवाय दुसरा नमुना पाठवू नका. आणि दुसराही असाच निघाला तर मग मी काही करू शकणार नाही."

सोबत खोक्याचाही फोटो होता. खोक्यावर पाच बोटं उमटलेली, पिवळीधमक. राजेश्रीनं ती बोटं पाहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हळद! पहिला नमुना निघाला त्या सकाळी सासूबाईंनी मशीनची पूजा केली होती, नारळ फोडला होता, खोक्याला हळदकुंकू लावलं होतं. खोकं उघडून आतल्या ताटलीलाही लावलं असणार.

दुपारी लीलाबाई रोजच्यासारख्या डबा घेऊन आल्या. मशीनवरचा गोपाळ तिथंच उभा होता, काशीनाथराव खुर्चीत होते. राजेश्रीला तेवढाही धीर धरवला नाही.

"आत्याबाई, तुम्ही ताटली उघडली होती?"

"मी? कामून उघडीन?"

"खोक्याला हळद लावली ती तुम्हीच ना?"

"लावली की. घरातून पहिली वस्तू बाहीर चालली, तिला मोकळ्या कपाळानं कसं धाडावं? पन आत हात घातला न्हाई मी."

"मग हळद काय चालत गेली आत?"

लीलाबाईंनी डबा टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि आल्या तशा परत गेल्या. गोपाळ मशीनकडं तोंड करून नसलेला कचरा झटकत राहिला. जी हळद लावली की वस्तू पवित्र होते तीच तिथं घाण ठरली, हे त्या माउलीला कुणी कसं समजवायचं, हा प्रश्न तेव्हा राजेश्रीला पडलाच नाही. तिला फक्त राग आला होता, आणि रागात तिनं डबाही उघडला नाही.

काशीनाथरावांनी मात्र लगेच मार्ग काढला. "कुरियरवाल्यानं खोकं फोडलं म्हनून लिव्ह. कोन बघायलंय? न्हाई तर सरळ सोडून दे. तिकडं पास, हिकडं नापास. देवानंच कौल दिला."

"मी खोटं लिहिणार नाही, मामा."

"मग खरं काय लिव्हनार? सासूनं हळद लावली म्हनून? हसतील की लोक!"

हे मात्र तिला लागलं. खरं लिहिलं तर लीलाबाईंची शोभा, खोटं लिहिलं तर स्वतःची लाज. सारंगला विचारलं तर तो म्हणाला, "आईला विचार." सल्ला देणारा नवरा असा असावा.

पुढं दोन दिवस सासूसुनेचं बोलणं चहाभाकरीपुरतं राहिलं. मग राजेश्रीनं ठरवलं, की आधी आत्याबाईंना दाखवायचं. चिमूटभर हळद कुठवर पोचते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर रागावणार नाहीत. तिनं स्टेशन रोडच्या कापड दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणला, भर दुपारी सोवळ्याच्या खोलीच्या काचांवर काळी ताडपत्री ओढली आणि सासूबाईंना आग्रह करून आत घेतलं.

"हात पुढं करा."

दिवा लागला. लीलाबाईंची बोटं नखांपासून पेरांपर्यंत हिरवट पिवळी पेटून उठली. त्यांनी दचकून हात मागं घेतला, पुन्हा पुढं केला, उलटसुलट करून पाहिला.

"अगं बाई! धुतलेत की मी, साबनानं!"

"तेच सांगायचंय मला. धुऊन जात नाही."

लीलाबाईंनी पदर दिव्याखाली धरला. तोही चमकला. आता त्यांना भीतीपेक्षा गंमत वाटायला लागली होती. त्यांनी सुनेच्या हातातून दिवा घेतला आणि सहज तिच्याकडं वळवला. "तुजं बघू."

राजेश्रीची नखं पेटली. ॲप्रनची बाही पेटली. दिवा वर सरकला आणि तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र मण्यामण्यानं उजळलं. शेवटी दोन वाट्या, दोन पिवळे गोल.

राजेश्री त्या वाट्यांकडं पाहतच राहिली. मग तिनं मोबाईलवर तो फोटो उघडला. बारीक ठिपक्यांची वाकलेली ओळ, टोकाला दोन गोल. ताटली पिशवीत घालण्याआधी ती तिच्यावर वाकली होती, भोकं एक एक करून भिंगातून पाहायला. रोज सकाळी देवापुढं उभं राहून वाट्यांना हळदकुंकू लावायचं हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनीच शिकवलं होतं, आणि ती ते नेमानं करत होती.

खोलीच्या दारावर तिनंच स्वतःच्या अक्षरात पाटी लावलेली होती, "आत दागिने घालून येऊ नये." गोपाळची अंगठी त्या पाटीनं उतरवली होती, तिचे स्वतःचे कानातले उतरवले होते. मंगळसूत्र उतरवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मंगळसूत्राला दागिना कोण म्हणतं? पुण्यात लग्न झालेलं नव्हतं आणि अंगभर पांढरा सूट असायचा, म्हणून ही वेळच आली नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली. "ते तुमचं नव्हतं. माझं होतं. मी तुम्हाला गोपाळसमोर काय काय बोलले."

लीलाबाईंनी फोटो पाहिला, वाट्या पाहिल्या, पुन्हा फोटो पाहिला. मग त्यांनी दिवा बंद केला.

"बोललीस खरी," त्या अंधारात म्हणाल्या. "लय लागलं मला. दोन दिवस भाकर गोड लागली न्हाई." मग म्हणाल्या, "आता गोपाळसमोरच सांग, की आत्याबाईची चूक न्हवती. मग झालं."

राजेश्रीनं बाहेर येऊन तसं सांगितलं. गोपाळ बिचारा पुन्हा मशीन झटकायला लागला.

त्याच संध्याकाळी तिनं बेंगळुरूला लिहिलं. हळद होती, आमच्या मंगळसूत्राची होती, आमच्या नियमात मंगळसूत्र दागिन्यात धरलेलं नव्हतं, आता धरलं आहे. कुणाचं नाव नाही, कुणावर ढकलणं नाही. तासाभरात अबोलीचा फोन आला. आधी ती खूप हसली.

"माझं मी रोज लॉकरमध्ये ठेवते," ती म्हणाली. "पण मी इथं एकटी राहते, मला विचारायला कोणी नाही. तुमच्याकडं जमेल?"

"जमवते."

"मग या वेळी दोन ताटल्या पाठवा. एक चांगली निघाली तर वरचे लोक नशीब म्हणतील. शुक्रवारची गाडी गाठा, आमचा माणूस सोमवारी तपासायला बसणार आहे."

शुक्रवार म्हणजे हैदराबादच्या फोनचा दिवस. राजेश्रीनं सासऱ्यांना स्वच्छ सांगितलं, की हैदराबादला नाही म्हणायचं आहे. काशीनाथरावांनी टोपी काढून टेबलावर आपटली.

"पास झाल्याला न्हाई म्हनायचं अन् नापास झाल्याच्या मागं लागायचं? ह्याला काय म्हनावं?"

"मामा, ती पकड तीस वर्षं तशीच राहणार. आपण काही शिकणार नाही."

"तीस वर्स पोट भरंल की!"

"भरेल. पण जे देशात कुणी करत नाही ते परभणीत होतं, हे मला दाखवायचंय. मशीन तुमच्या नावावर आहे, कारखाना तुमच्या नावावर आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी अडवू शकत नाही. पण मी तुम्हाला विनवते, म्हणू नका."

काशीनाथराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि चहाला निघून गेले.

मग सासूसुनांनी कामाला हात घातला. एक बिघडलेली ताटली घ्यायची, लीलाबाईंनी तिला बोटभर हळद चोळायची, धुवायची आणि जांभळ्या दिव्याखाली धरायची. साबणानं पहिल्यांदा धुतली तेव्हा पाणी लालभडक झालं आणि बाहेरून पाहणाऱ्या काशीनाथरावांना वाटलं कुणाचा हातच कापला. स्पिरिटच्या कपड्यानं पुसलं तर डाग जाण्याऐवजी पसरला. पुन्हा हळद, पुन्हा धुणं. होता होता कळलं, की पुसायचंच नाही. दोघींपैकी एकीनं ताटली तिरपी धरायची, दुसरीनं स्पिरिटची धार सोडायची, मग साबण, मग शुद्ध केलेलं पाणी, आणि मध्ये कुठंही थांबायचं नाही. थांबलं की भोकांत वाळतं आणि मग सगळं पहिल्यापासून. गोपाळचे हात जड कामाला मुरलेले, त्याचा उपयोग नव्हता. लीलाबाईंचा हात मात्र धारेला हलत नव्हता. त्यांनी हळदीचा डबा घरी स्वयंपाकातूनही बंद केला. घरात पांढरं वरण शिजायला लागलं आणि सारंगनं पहिल्यांदाच कारखान्याच्या कामात तोंड घातलं, तेही भाजी फिकी झाली म्हणून.

शुक्रवार उजाडला. ताटल्या मशीनवरून उतरल्या. काशीनाथराव खुर्चीत, गोपाळ दाराशी, शेजारच्या शेडमधली दोन माणसं उगीच चौकशीला आलेली. राजेश्री सोवळ्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली, गळ्याशी हात नेला आणि तिथंच थबकली. एवढे दिवस सराव केला तो मंगळसूत्र ॲप्रनच्या आत खोचून केला होता. आज खोचून चालणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण सासऱ्यांसमोर, परक्या माणसांसमोर गळा मोकळा करायचा म्हणजे काय, हे त्या शेडमध्ये कुणाला सांगायची गरज नव्हती.

"काढ," मागून लीलाबाई म्हणाल्या.

"लीला!" काशीनाथराव खुर्चीतून उठले.

"काय लीला? सारंग तिकडं गंगाखेडला पोरांवर वरडायलाय, धडधाकट हाय. ह्या मन्यांच्या जोरावर उभा हाय का तो?" लीलाबाईंनी स्वतःचा पदर ओला केला आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. हातातल्या हिरव्या बांगड्या एक एक करून उतरवल्या, त्या सहज निघेनात, मनगट लाल झालं. मग मान खाली घातली आणि लग्नापासून गळ्यात असलेलं मंगळसूत्र डोक्यावरून काढलं. "तुज्याबरोबर मीबी आत येनार ना? मग मला येगळा कायदा हाय का?"

राजेश्रीनं आपलं काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. लीलाबाईंनी दोन्ही मंगळसूत्रं नवऱ्याच्या ओंजळीत ठेवली.

"धरा. टेबलावर ठेवू नका, खिशात घालू नका. आमी येस्तोवर हातात धरा."

दोघींनी ॲप्रन आणि हातमोजे चढवले, आणि दार बंद झालं.

पहिल्या ताटलीला धार लागली आणि राजेश्रीचं काचेबाहेर लक्ष गेलं. काशीनाथरावांचा फोन वाजत होता. त्यांनी दोन्ही मंगळसूत्रं एका मुठीत घेतली, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला आणि नेहमीसारखे थोडे वाकले. हैदराबादच्या साहेबाशी ते असेच वाकून बोलत. काचेतून शब्द येत नव्हता. त्यांची मान हलली. एकदा हलली, दोनदा हलली. होकाराची मान.

एक शब्द, आणि मशीन हैदराबादचं. दार तीन पावलांवर होतं. ती धावत जाऊन फोन हिसकावून घेऊ शकत होती. पण ताटली तिच्या हातात तिरपी होती आणि धार चालू होती. दार उघडलं की खोली गेली, ताटली गेली, शुक्रवारची गाडी गेली.

"आत्याबाई, मामा..."

"दिसायलंय मला." लीलाबाईंनी बाहेर मान वळवली नाही. "तू ताटली धर."

राजेश्रीनं ताटली धरली. स्पिरिट संपलं, साबण झाला, पाणी झालं. गोपाळनं बाहेरून काचांवर ताडपत्री ओढली, तिनं दिवा लावला आणि ताटली इंच इंच फिरवून पाहिली. काळी होती, कडेपासून कडेपर्यंत नुसती काळी. भोकाभोकांतून पाहिलं, पाठीमागून पाहिलं. मग दोघींनी ती पिशवीत घातली, पिशवी सीलबंद केली, ती दुसऱ्या पिशवीत घातली आणि मगच राजेश्रीनं दार उघडलं.

काशीनाथराव होते तिथंच उभे होते. मूठ छातीशी धरलेली.

"कुणाचा फोन होता?" तिनं विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"साहेबाचा. मंजूर का म्हनून इचारायलते. लय चांगलं बोलले. पुढच्या वर्षी दुसरं मोठं कामबी देतो म्हनले."

"मग तुम्ही?"

काशीनाथरावांना पहिल्यांदाच बोलायला जड गेलं. "मी हौ हौ करत ऐकून घेतलं. मग म्हनलं, साब, घर की दो औरतां मंगळसूत्र मेरे हात में देको अंदर गए. अब मैं तुमकू हौ कैसा बोलूं?"

राजेश्रीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींतलं कुठलं आधी आवरावं ते तिला कळेना. "आणि ते काय म्हणाले?"

"म्हनले, ठीक है, काशीनाथजी. न्हाईच म्हनलो मी, पोरी. तिकडं पास होवो का न होवो." त्यांनी मूठ उघडून दोघींपुढं धरली. तळहातावर मण्यांचे वळ उमटले होते. "घ्या. घाला आता गळ्यात. लोक बघायलेत."

लीलाबाईंनी हात पुढं केला नाही. त्यांनी बाहीनं घाम पुसला आणि सुनेला दारातून आत ढकललं.

"बघू द्या. ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ," त्या म्हणाल्या. "अजून एक ताटली धुवायची हाय."